फेसाची साक्ष : धुण्याच्या मापाची दोनशे वर्षे

(थ्रेड)

१/
ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येतो ते ‘सुफेन’ आणि ज्या पाण्यात येत नाही ते ‘दुष्फेन’. मराठी पाठ्यपुस्तकांनी पाण्याला दिलेली ही दोन नावे फेसावरून पडलेली आहेत. फेस ही पाण्याची, साबणाची आणि स्वच्छतेचीही खूण आहे, हा विश्वास भाषेतच मुरलेला आहे. तो विश्वास एके काळी पूर्णपणे खरा होता. पुढे रसायन बदलले, यंत्र बदलले, पाणी घटले. खूण मात्र तशीच राहिली. धुलाईयंत्रात डिटर्जंट नेमके किती घालावे, या आजच्या साध्या प्रश्नामागे हा सगळा इतिहास उभा आहे.

२/
आरंभ साबणापासून करावा लागतो. तेल किंवा चरबी आणि अल्कली यांच्या संयोगातून साबण बनतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे तेलकट मळाकडे. या दुहेरी स्वभावामुळे मळ कापडापासून सुटतो. परंतु पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतील, तर साबण आधी त्यांच्याशी जखडला जातो. त्यातून न विरघळणारा करडा, चिकट साका तयार होतो आणि तो कपड्यांवर बसतो. पाण्यातले हे क्षार संपल्याशिवाय साबण मळाकडे वळत नाही आणि तोवर टिकाऊ फेसही येत नाही.

३/
याचा अर्थ असा, की साबणाच्या युगात फेस हा प्रामाणिक साक्षीदार होता. फेस आला म्हणजे पाण्याने आपला वाटा घेतला आणि उरलेला साबण आता कपड्यासाठी मोकळा आहे. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच गुणाचे मोजमापात रूपांतर केले. ठरावीक पाण्यात साबणाचे प्रमाणित द्रावण थोडे थोडे घालायचे, बाटली हलवायची आणि टिकणारा फेस येईपर्यंत किती द्रावण लागले ते पाहायचे. पाण्याची कठिणता मोजण्याची ही पद्धत दीर्घकाळ वापरात राहिली. कठिणतेचे ‘क्लार्क अंश’ हे एककही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

४/
प्रयोगशाळेत क्लार्क जे करत होते, तेच नदीकाठी, विहिरीवर आणि मोरीत धुणे धुणारे असंख्य हात पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते. फेस येईपर्यंत साबण लावायचा आणि फेस जाईपर्यंत खळबळायचे. पहिली खूण ‘पुरेसे झाले’ असे सांगे, दुसरी ‘निघून गेले’ असे. मापाचा पेला, चमचा वा रेषा यांची गरज नव्हती, कारण डोळा हेच माप होते. पुढच्या शंभर वर्षांत रसायनशास्त्राने नेमके हे माप निकामी केले.

५/
त्याची सुरुवात युद्धाने झाली. पहिल्या महायुद्धात जर्मनीत तेल आणि चरबीची तीव्र टंचाई होती. जी चरबी माणसाला खायला पुरत नव्हती, ती साबणाला कोठून मिळणार? १९१६ च्या सुमारास ‘बीएएसएफ’ या कंपनीतील फ्रिट्झ ग्युंटर यांनी चरबीचा आधार न घेता संश्लेषित क्षालक तयार केला. तो मळकट कपड्यांसाठी पुरेसा समर्थ नव्हता. कापडउद्योगात त्याचा उपयोग झाला. परंतु साबणाखेरीजही धुता येते, ही वाट मोकळी झाली. १९३३ साली अमेरिकेत ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ने ‘ड्रेफ्ट’ आणले. ते कठीण पाण्यात साका करत नसे. मात्र तेही हलक्या धुण्यापुरतेच होते.

६/
जाड, मळलेल्या कपड्यांचे कोडे सुटायला आणखी एक तप लागले. याच कंपनीतील संशोधक डेव्हिड बायर्ली अनेक वर्षे या प्रश्नामागे होते. वरिष्ठांचा उत्साह मावळल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. उत्तर प्रचलित समजुतीच्या उलटे निघाले. मळ सोडवणारा घटक वाढवण्याऐवजी तो कमी ठेवायचा आणि त्याच्या जोडीला पाण्यातील कॅल्शियम बांधून ठेवणारा फॉस्फेट भरपूर घालायचा. या सूत्रावर १९४६ साली ‘टाइड’ बाजारात आले. जड धुण्यासाठीचा हा पहिला यशस्वी संश्लेषित डिटर्जंट मानला जातो.

७/
येथेच फेसाची साक्ष खोटी ठरू लागली. संश्लेषित डिटर्जंटमध्ये फेस येणे आणि मळ निघणे यांचा तसा अनिवार्य संबंध उरला नाही. भरपूर फेसाळणारे द्रावण कपडा सामान्यच धुऊ शकते आणि जवळजवळ न फेसाळणारे द्रावण उत्तम धुऊ शकते. परंतु गिऱ्हाइकाचा डोळा साबणावर घडलेला होता. फेस दिसला नाही तर पावडर कमअस्सल, असा ग्रह होण्याचे भय उत्पादकांना होते. त्यामुळे फेस वाढवणारे, फेस टिकवणारे घटक मुद्दाम मिसळले जाऊ लागले आणि जाहिरातींतून फेसाचे डोंगर उभे राहिले. पूर्वी फेस परिणामातून उमटे; आता तो विक्रीसाठी निर्माण केला जाऊ लागला.

८/
याच सुमारास दुसरीकडे यंत्र बदलत होते. १९३७ साली अमेरिकेत ‘बेंडिक्स’ कंपनीचे घरगुती स्वयंचलित धुलाईयंत्र आले. समोरून उघडणारे, आडव्या अक्षावर फिरणारे पिंप असलेले हे यंत्र इतके हादरे देई, की ते जमिनीला बोल्टने जखडावे लागे. पिंप फिरताना कपडे वर उचलले जात आणि खालच्या थोड्या पाण्यात आपटत. धोबीघाटावर कपडा दगडावर आपटण्याची क्रियाच जणू लोखंडी पिंपात आली होती. या रचनेला पाणी कमी लागे. परंतु फेस तिला सोसत नसे.

९/
कारण सरळ आहे. फेस म्हणजे पातळ पापुद्र्यांत कोंडलेली हवा. पिंपात फेस दाटला, की वरून पडणारा कपडा पाण्यावर आपटत नाही; तो उशीवर पडल्यासारखा अलगद उतरतो. आपटण्याचा जोर गेला, की धुलाईचा अर्धा अर्थ गेला. ही अडचण ओळखून ‘मॉन्सँटो’ या रसायन कंपनीने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ऑल’ नावाचा कमी फेसाचा डिटर्जंट आणला. १९५४ साली ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’चा कमी फेसाचा ‘डॅश’ आला. १९५७ साली ‘ऑल’चा व्यवसाय ‘लिव्हर ब्रदर्स’ने विकत घेतला. या व्यवहाराने स्पर्धा घटते, असा दावा अमेरिकी सरकारने लावला. १९६३ साली न्यायालयाने तो फेटाळला.

१०/
म्हणजे ‘यंत्रासाठी कमी फेसाचा डिटर्जंट’ ही कल्पना एकविसाव्या शतकाची नव्हे. ती स्वयंचलित यंत्राइतकीच जुनी आहे. मग ती विस्मरणात का गेली? कारण अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. १९४७ नंतर तेथे वरून कपडे टाकण्याची, उभ्या अक्षाची यंत्रे पसरली. त्यांत पिंप काठोकाठ भरे, कपडे पाण्यात पोहत आणि मधला दांडा ते घुसळत असे. इतक्या पाण्यात एखादा पेला जास्त पडला तरी फारसे बिघडत नसे. युरोपात मात्र आडव्या पिंपाची, स्वतः पाणी तापवणारी यंत्रे रूढ झाली आणि तेथील पावडरींत फेस दाबणारे घटक आले. एकाच कामासाठी दोन खंडांत दोन सवयी घडल्या.

११/
घरातला फेस मोरीतून नाहीसा होई, पण संपत नसे. त्या काळच्या डिटर्जंटमधील फांद्यायुक्त रचनेचे रेणू जिवाणूंना सहज मोडता येत नसत. ते सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतून जसेच्या तसे बाहेर पडत. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर, बंधाऱ्यांवर फेसाचे पांढरे ढीग तरंगू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला. त्यानुसार १९६४ पासून डिटर्जंटमधील क्षालक घटक किमान ८० टक्के जैवविघटनशील असणे बंधनकारक झाले. अमेरिकी उद्योगाने १९६५ पर्यंत सरळ साखळीचे, जिवाणूंना पचणारे रेणू स्वीकारले. घरात ज्याला स्वच्छतेची खूण मानले जाई, तीच वस्तू नदीवर प्रदूषणाची खूण ठरली होती.

१२/
पाठोपाठ फॉस्फेटचा प्रश्न आला. ज्या घटकाने ‘टाइड’ यशस्वी केले, तोच तळ्यांत शेवाळाचे खत बनला. उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवर हे त्याचे ठळक उदाहरण. १९७२ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी ‘ग्रेट लेक्स’च्या पाण्यासाठी करार केला. फॉस्फरसवर नियंत्रण हा त्याचा गाभा होता. आता प्रश्न ‘डिटर्जंटमध्ये काय आहे’ एवढाच राहिला नाही. ‘प्रत्येक धुण्याला किती ओतले जाते’ हाही सार्वजनिक प्रश्न झाला. माप हा घरातल्या काटकसरीचा विषय होता. तो कायद्याचा विषय झाला.

१३/
१९७५ चा पश्चिम जर्मन कायदा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पाण्याच्या कठिणतेनुसार किती डिटर्जंट घालावे हे वेष्टनावर छापणे आवश्यक ठरले आणि आपल्या पाण्याची कठिणता ग्राहकांना कळवण्याची जबाबदारी पाणीपुरवठा संस्थांवर आली. क्लार्क यांच्या बाटलीतले मोजमाप शतकभराने पावडरीच्या खोक्यावर येऊन पोहोचले. पुढे युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाने हीच पद्धत सर्व सदस्य देशांत आणली : मृदू, मध्यम आणि कठीण पाण्यासाठी वेगवेगळे माप, शिवाय मापाच्या पेल्याची क्षमताही छापलेली. डोळ्याने सोडलेले काम आता छापील तक्त्याकडे आले.

१४/
जपानने निराळ्या बाजूने उत्तर दिले. १९८७ साली ‘काओ’ कंपनीने ‘अटॅक’ नावाची संहत पावडर आणली. तिचे आकारमान आधीच्या पावडरीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके होते आणि खोक्यात मापाचा चमचा होता. लहान घरे, दुकानातून पायी वा सायकलवरून नेले जाणारे सामान, यांमुळे हलके खोके लोकांना भावले. परंतु या यशामागे एक अट होती : चमच्यावर विश्वास ठेवणे. ज्या हाताला मूठभर पावडरीची सवय, त्याने एका चमच्यावर थांबणे ही साधी गोष्ट नव्हती. संहत डिटर्जंटमध्ये हात सैल सुटला, तर चूक चौपट होते.

१५/
अमेरिकेत आडव्या पिंपाचे पुनरागमन १९९० च्या दशकात झाले. १९९७ साली कॅन्सस राज्यातील बर्न या चिमुकल्या गावात ऊर्जा विभागाच्या पुढाकाराने एक प्रयोग झाला. गावातील १०३ जुनी यंत्रे आधी जशीच्या तशी मोजली गेली. मग त्यांच्या जागी नवी आडव्या पिंपाची यंत्रे बसवली. एका धुण्यासाठीचा पाण्याचा सरासरी वापर ४१.५ गॅलनवरून २५.८ गॅलनवर, म्हणजे सुमारे १५७ लिटरवरून ९८ लिटरवर आला. बचत ३८ टक्के. ऊर्जेची बचत त्याहून मोठी होती, कारण तापवायचे पाणीच कमी झाले. जानेवारी २००१ मध्ये अमेरिकी सरकारने धुलाईयंत्रांसाठी कडक मानके जाहीर केली; ती २००४ आणि २००७ अशा दोन टप्प्यांत लागू झाली.

१६/
या यंत्रांना ‘हाय एफिशियन्सी’, संक्षेपाने ‘एचई’, हे नाव मिळाले आणि त्यांच्यासाठीच्या डिटर्जंटवर तसे चिन्ह आले. याच काळात द्रवरूप डिटर्जंटही दुप्पट संहत झाले. अमेरिकेतील ‘वॉलमार्ट’च्या दुकानांत २००८ च्या मध्यापर्यंत केवळ संहत द्रवच उरले. बाटली लहान, प्लॅस्टिक कमी, वाहतुकीचा भार कमी. सर्वच बाजूंनी लाभ. पण हे दोन बदल एकाच मोरीत भेटले, तेव्हा काय झाले ते आकड्यांनीच पाहावे.

१७/
समजा, एका घरात वर्षानुवर्षे एक पेला द्रव घालण्याची रीत आहे. यंत्र बदलले आणि बर्नच्या हिशेबाने पाणी १५७ लिटरवरून ९८ लिटरवर आले. पेला तोच, तरी पाण्यातील डिटर्जंटचे प्रमाण १.६ पट झाले. मग बाटली बदलली आणि द्रव दुप्पट संहत झाले. पेला तोच, प्रमाण ३.२ पट. घरात कोणीही हात सैल सोडलेला नाही, उधळपट्टी केलेली नाही. जुनी रीत जशीच्या तशी पाळली आहे. तरीही माप तिपटीहून वर गेले. इतिहासात सवयी अशाच चुकीच्या ठरतात : त्या बदलल्या म्हणून नव्हे, तर भोवतालचे सारे बदलले असताना त्या तशाच राहिल्या म्हणून.

१८/
येथे एक सावधगिरी हवी. पाणी कमी झाले तरी कपडे आणि मळ तेवढेच असतात. म्हणून डिटर्जंटची गरज पाण्याच्या प्रमाणात सरळ घटत नाही. थोड्या पाण्यात सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसू नये, हेही ‘एचई’ डिटर्जंटला सांभाळावे लागते. फाजील मापाची खरी किंमत फेसात आणि खळबळण्यात मोजावी लागते. फेसामुळे आपट मंदावते, पाण्याची पातळी ओळखणारी यंत्रणा गोंधळते, पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. पुष्कळ यंत्रे मग आपणहून जादा पाणी घेऊन पुन्हा खळबळतात. पाणी वाचवण्यासाठी आणलेले यंत्र पाणी खर्चू लागते.

१९/
जे निघत नाही, ते मागे राहते. कापडात उरलेल्या थरामुळे टॉवेल कडक होतात, रंग मंद दिसतात, काहींच्या त्वचेला खाज सुटते. पिंपाच्या बाहेरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बाजूवर डिटर्जंट आणि मळ यांचा बुळबुळीत थर जमतो. त्यात जिवाणू वाढतात आणि धुतलेल्या कपड्यांनाच कुबट वास येऊ लागतो. वास आला, की माणूस साहजिकच आणखी थोडे डिटर्जंट ओततो. चुकीचे माप अशा रीतीने स्वतःलाच पोसत राहते.

२०/
मापाचा निर्णय माणसाच्या हातूनच काढून घ्यावा, हा उपायही झाला. अमेरिकेत १९६० च्या दशकात ‘साल्व्हो’ नावाच्या डिटर्जंटच्या वड्या विकल्या जात; त्या टिकल्या नाहीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात वड्या पुन्हा आल्या आणि २०१२ साली अमेरिकेत पाण्यात विरघळणाऱ्या आवरणातील ‘टाइड पॉड्स’ आल्या. एक धुणे, एक गोळी. सोय मोठी, पण तडजोडही आहे. चार शर्टांना आणि भरगच्च चादरींना, मृदू पाण्याला आणि कठीण पाण्याला तेच एक माप. शिवाय मुलांनी ती खाऊ समजून तोंडात घातल्याने झालेल्या विषबाधांमुळे वेष्टनांत बदल करावे लागले.

२१/
भारतात ही कथा बादलीतून आली. १९५९ साली ‘हिंदुस्थान लिव्हर’ने ‘सर्फ’ आणले. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी ‘निरमा’ सुरू केले आणि स्वस्त पावडर सामान्य घरांत पोहोचली. बादलीत हाताने पावडर घुसळताना फेस दिसणे स्वाभाविक होते आणि त्याला थोडा अर्थही होता : तेलकट मळ फेस मारतो, म्हणून फेस बसला की पावडर खर्ची पडली असा अंदाज येई. मात्र तोच फेस काढण्यासाठी बादल्यांमागून बादल्या पाणी लागे. ज्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे फेसाची ही किंमत डोक्यावरच्या हंड्यांत मोजली जाते.

२२/
त्या बादलीतून घडलेला डोळाच पुढे स्वयंचलित यंत्रासमोर उभा राहिला. काचेच्या दारातून फेस दिसला नाही, की मन साशंक होते आणि हात डब्याकडे जातो. वस्तुतः समोरून उघडणाऱ्या यंत्रात फेस जेमतेम दिसणे हेच योग्य मापाचे लक्षण आहे. माप ठरते ते तीन प्रश्नांवर : कपडे किती, मळ किती आणि पाणी सुफेन की दुष्फेन. मुंबईच्या तलावांचे पाणी आणि दख्खनच्या पठारावरील बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी यांना एकच माप लागू पडणार नाही. त्यासाठी वेष्टनावरचा तक्ता आणि मापाच्या झाकणावरची, बहुधा दुर्लक्षिलेली, खालची रेषा पाहावी लागते.

२३/
फेसाची साक्ष मात्र अजून पूर्णपणे निरुपयोगी झालेली नाही. नेहमीच्या रीतीने धुतलेले टॉवेल डिटर्जंट न घालता नुसत्या पाण्यात पुन्हा फिरवावेत आणि काचेतून पाहावे. पाणी फेसाळले, तर तो फेस मागच्या अनेक धुण्यांत साचलेल्या जादा मापाचा असतो. पुढच्या खेपेस पेला थोडा रिकामा ठेवावा आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी.

(समाप्त)